दहा दिवसांची दाढी

मी एक जुना रेझर आहे, मित्रांनो. दाढीचा. तुम्ही हल्ली पाहता ते प्लॅस्टिकचे, चार दिवस वापरून कचऱ्यात जाणारे रेझर माझे कोणी लागत नाहीत. मी पितळेचा आहे आणि अंगावर चकचकीत मुलामा आहे. माझी मूठ फिरवली की माझं डोकं दोन झडपांसारखं उघडतं आणि आत ब्लेड बसतं. मुठीपाशी मुलामा आता उडाला आहे. तीन पिढ्यांचे अंगठे तिथे घासले, उडणारच. तुमच्यातल्या पुष्कळांना अजून मिसरूडही फुटलं नसेल, त्यामुळे माझ्याशी तुमची गाठ पडायला अवकाश आहे. तरी माझी गोष्ट ऐका. तीत दाढी कमी आणि माणसं जास्त आहेत.

माझे पहिले मालक भास्करराव. कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. पहिल्या पगारात त्यांनी मला घेतलं आणि त्या दिवसापासून माझा सन्मान ठेवला. दाढी झाली की ते मला उघडायचे, धुवायचे, पंच्याच्या टोकाने कोरडं करायचे आणि मगच फळीवर ठेवायचे. "हत्यार ओलं ठेवू नये," एवढंच म्हणायचे. त्यांचा मुलगा प्रताप ऑस्ट्रेलियात खाणीचं शिक्षण घ्यायला निघाला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या बॅगेत ठेवलं. घड्याळ द्यायचं सोडून वडिलांनी वापरलेला रेझर दिला म्हणून प्रतापची आई आठवडाभर धुसफुसत होती.

अशा रीतीने मी कालगुर्लीला आलो. सोन्याच्या खाणींचं गाव ते. लाल माती, रुंद रस्ते, आणि पर्थ गाठायचं तर विमान किंवा दिवसभराची गाडी. प्रताप तिथेच शिकला, तिथेच खाणीत इंजिनिअर झाला. सरिता लग्न होऊन आली, इस्पितळाच्या लॅबमध्ये लागली. हृषिकेश तिथेच जन्मला.

खाणीत माझी किंमत फार होती, मित्रांनो. खाली दगड फुटतो आणि त्याची बारीक धूळ उडते. ती छातीत गेली की पुन्हा बाहेर येत नाही. म्हणून तोंडावर मास्क लावतात, आणि तो गालाला घट्ट चिकटावा लागतो. एका दिवसाचे खुंट असले तरी फट राहते आणि धूळ आत शिरते. म्हणून प्रताप शिफ्टला जाण्याआधी रोज न चुकता दाढी करायचा. बाकी माणूस आळशी. गॅरेजमधला पसारा दहा वर्षं तसाच होता. पण माझ्या बाबतीत त्याने कधी टंगळमंगळ केली नाही, आणि वडिलांसारखाच तोही मला पुसून ठेवायचा.

एकदाच मी दहा दिवस फळीवर बसून होतो. साथीचं वर्ष होतं. सगळ्या सीमा बंद होत्या आणि कऱ्हाडहून भास्कररावांच्या निधनाचा फोन आला. प्रतापला जाता येईना. वडिलांना खांदा देणं नशिबात नव्हतं. हाती उरलं काय, तर सुतक पाळणं. आपल्याकडे बाप गेला की मुलगा दहा दिवस दाढी करत नाही, आणि दहाव्याला क्षौर करतो. प्रताप काही फार देवाधर्माचा नव्हता, पण तेवढं त्याने धरून ठेवलं. मग प्रश्न आला मास्कचा. त्याने भीतभीत आपल्या वरिष्ठाला विचारलं. डॅरल त्याचं नाव. त्या डॅरलला सुतक म्हणजे काय, ओ की ठो कळलं नाही. तो म्हणाला, "नो वरीज, मेट. दाढी आहे तोवर वर ऑफिसात बस. खाली दुसरा कोणीतरी जाईल."

त्या दिवसांत प्रतापला ऑफिसची वेळ होती, म्हणून हृषिकेशला शाळेत सोडायचं काम त्याच्याकडे आलं. हृषिकेश तेरा वर्षांचा होता. बापाचा असा चेहरा त्याने जन्मात पाहिला नव्हता. आरशापुढे उभ्या असलेल्या प्रतापच्या गालावर त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाबा, यू लुक लाइक अ पायरेट." प्रताप हसला. वडील गेल्यापासूनचं ते त्याचं पहिलं हसणं होतं, आणि हसता हसताच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आता हृषिकेशच्या युनीकडे, म्हणजे विद्यापीठाकडे येतो. त्याला भूशास्त्र शिकायचं होतं. दगडांच्या गावात वाढलेला पोरगा, दुसरं काय शिकणार? सिडनीच्या पश्चिमेला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं एक विद्यापीठ होतं. प्रताप कालगुर्लीत नवा असताना याच पंथाच्या दोन प्रचारक पोरांनी त्याचा फ्रीज तीन पायऱ्या चढवून दिला होता. पांढरे शर्ट, काळ्या नावपट्ट्या, तोंडात साखर. तेव्हापासून त्या मंडळींबद्दल त्याच्या मनात आदर होता. त्याने माहिती काढली. दारू नाही, सिगारेट नाही, मुलामुलींची वसतिगृहं वेगळी. पंथाचे नसलात तरी नियम पाळायचं कबूल केलं की प्रवेश मिळतो. प्रताप खूश झाला. पोराला परक्या शहरात वळण लावायला आयतं कोणी मिळालं तर कोणते आईबाप नाही म्हणतील? सरिताही खूश होती. मग तिला कळलं की तिथे चहासुद्धा चालत नाही.

"चहाही नाही? मग ती माणसं सकाळी उठतात तरी कशासाठी?" ती म्हणाली.

निघताना प्रतापने मला हृषिकेशच्या हातात दिलं. तिथे दाढी ठेवायलाही बंदी होती, त्यामुळे माझी गरज पडणारच होती. "काम झालं की पुसून ठेवायचा," प्रताप म्हणाला. हृषिकेशने मान डोलावली. तो वडिलांचं ऐकणारा मुलगा होता, म्हणून तर पुढचं सगळं त्याला जड गेलं.

पहिले काही महिने बरे गेले. माणसं खरोखर चांगली होती. तो तापाने आजारी पडला तेव्हा सूप घेऊन चार जण दारात आले. पण हळूहळू त्याचा जीव गुदमरायला लागला. खोलीत चहाची पुडी सापडली म्हणून त्याला समज मिळाली. ती पुडी सरितानेच लाडवांच्या डब्यात लपवून पाठवली होती. रविवारी खेळायचं नाही, म्हणून जवळच्या क्वेकर्स हिल उपनगरातल्या मराठी पोरांच्या क्रिकेट टीममधून त्याचं नाव गेलं. वर्गातली ईशानी नावाची मुलगी त्याच्या खोलीच्या दारात नोट्स द्यायला उभी राहिली, तर तेही कोणीतरी वर कळवलं. कोणी कळवलं ते कळलं नाही, आणि त्याला त्याचाच त्रास जास्त झाला. जेवताना तो कोणाशी काही बोलेनासा झाला. दर वर्षी एक मुलाखत व्हायची. तीत हसतमुख गृहस्थ विचारायचे, तू नियमाने राहतोस ना? हृषिकेश हो म्हणायचा आणि खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

त्याचा राग माझ्यावर निघायचा. सकाळी तो मला गालावरून असा ओढायचा की हमखास कापायचं. मला पुसणं त्याने केव्हाच सोडलं होतं.

एका संध्याकाळी बेसिनपुढे उभं राहूनच त्याने प्रतापला फोन लावला. "बाबा, मला ही युनी सोडायचीय. इथे रोज कोणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटतं."

"अरे, थोडी शिस्त असते. मी नाही का रोज दाढी करत?"

"तुम्ही मास्कसाठी करता, बाबा. खाली धूळ आहे. इथे कारण काय?"

फोनमधून कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. प्रताप म्हणाला, "एवढं सेमिस्टर काढ. मग आपण बसून बोलू."

ते बोलणं राहूनच गेलं. दोन आठवड्यांनी भल्या सकाळी सरिताचा फोन आला. हृषिकेशच्या अर्ध्या गालाला फेस लागलेला होता. प्रतापला घरी, चहा पिता पिता, हृदयविकाराचा झटका आला होता. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृषिकेशने फेस तसाच टॉवेलने पुसला, मला ओलं बेसिनवर टाकलं आणि विमानतळाकडे धावला.

मी तिथे पडून होतो. मला उचललं ते सिओनेने. सिओने हा हृषिकेशच्या खोलीतला दुसरा मुलगा. मूळचा टोंगाचा, आडव्या अंगाचा, आवाजाने मऊ. त्याचं सगळं घराणं मॉर्मन. त्याने मला उघडलं, धुतलं, आपल्या शर्टाच्या टोकाने कोरडं केलं आणि हृषिकेशच्या फळीवर ठेवलं. सांगितलं कोणी नव्हतं.

अंत्यसंस्कार करून सरिता आणि हृषिकेश अस्थी घेऊन सिडनीला आले. तिथल्या स्कोफिल्ड्स उपनगरात प्रतापचे जुने मित्र श्रीनिवासकाका राहतात. आठवडाभर ते सॉफ्टवेअरचं काम करतात आणि शनिवार-रविवारी मराठी घरांत पूजाअर्चा सांगतात. दहाव्याचे विधी तेच करणार होते. मध्येच हृषिकेशची सेमिस्टरची परीक्षा आली. हा पेपर बुडाला तर वर्ष जाणार, आणि तिथली जागाही बहुधा जाणार. त्यातून हृषिकेशच्या गालावर आठवड्याची दाढी होती.

सरिताने त्याला सकाळी समजावलं, "कर राजा दाढी. परीक्षा दे. तू शिकावंस हेच बाबांना हवं होतं, त्यांना नाही राग यायचा." हृषिकेशने नुसती बॅग उचलली. पेन आणायला तो वसतिगृहात आला. फळीवर मी कोरडा, नीट ठेवलेला दिसलो, तेव्हा त्याने मला क्षणभर मुठीत धरलं आणि बॅगेत टाकलं. म्हणजे त्याचं अजून ठरलं नव्हतं.

परीक्षेच्या हॉलच्या दारावर एक विद्यार्थीच उभा होता. तो ओशाळून म्हणाला, "सॉरी मेट. असं आत नाही सोडता येत. इथे रेझर ठेवलेत, दोन मिनिटांत करून ये." टेबलावर प्लॅस्टिकच्या रेझरांची टोपली होती. हृषिकेशने त्यातला घेतला नाही. तो शेजारच्या स्वच्छतागृहात गेला, मला बाहेर काढलं, तोंड ओलं केलं आणि मला गालाला लावलं.

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य गालावर गेलं, पण त्या दिवशी मी गालावर नुसता टेकून राहिलो. मी एक केसही कापला नाही, कारण त्याने मला ओढलंच नाही. तो नुसता आरशात बघत होता. तो आरशात कोणाचा चेहरा शोधत होता ते मला ठाऊक होतं. साथीच्या वर्षात दहा दिवस तो चेहरा मीही पाहिला होता.

एवढ्यात सिओने आत आला. त्याचाही तोच पेपर होता. तो इंग्रजीत बोलला, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"नको करूस, ब्रो," तो म्हणाला.

"वर्ष जाईल."

"जाऊ दे. माझं बघ. मला यातलं काही मनापासून पटत नाही, दोन वर्षं झाली. पण मुलाखतीत दर वर्षी हो म्हणतो. नाही म्हटलं तर डिग्री जाईल, खोली जाईल, घरी आजोबांना काय सांगू? एकदा हो म्हटलं की पुढचं हो सोपं जातं. तुला ‘नाही’ म्हणता येतंय. तू म्हण."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं, हे तो पहिल्यांदाच कोणाजवळ बोलत होता. पेपर सुरू व्हायची घंटा झाली. सिओने आत गेला. हृषिकेशने मला पुसलं, बॅगेत ठेवलं आणि तो डीनच्या ऑफिसात गेला.

डीन वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. ते खुर्चीतून उठले, हृषिकेशचे दोन्ही हात हातात घेतले. प्रतापसाठी त्यांनी कालगुर्लीला फुलं पाठवली होती. सवलतीसाठी अर्ज करता येईल, पण समिती बसायला वेळ लागेल आणि पेपर तर आज आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. शेवटी हळूच म्हणाले, "तुझ्या वडिलांनी समजून घेतलं असतं."

हृषिकेश म्हणाला, "सर, माझे बाबा खाणीत होते. तिथे दाढी असली तर माणसाच्या छातीत धूळ जाते. तरी आजोबा गेले तेव्हा त्या लोकांनी बाबांना दहा दिवस वर बसू दिलं. इथे माझ्या दाढीने कोणाला काय होणार आहे?"

डीननी समोरची नियमांची पुस्तिका सरळ केली. "नियम सगळ्यांना सारखा असावा लागतो," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता.

"मग मी निघतो," हृषिकेश म्हणाला.

स्कोफिल्ड्सच्या घरी त्याने आईला सांगितलं, तेव्हा सरिताचा बांध फुटला. नवरा गेला होता, आता मुलाचं वर्ष गेलं. "जन्मात एका पूजेला धड बसला नाहीस," ती ओरडली, "गणपतीच्या आरतीला तुला शोधून आणावं लागायचं. आजच कुठला एवढा धर्म आला तुला?"

"धर्माचं नाही गं, आई," हृषिकेश म्हणाला. "दोन वर्षं रोज सकाळी मी त्यांच्यासाठी दाढी केली. त्यांना हवा तसा चेहरा केला. ही एक दाढी बाबांची आहे. ती नाही मी कोणाला देणार."

सरिता पुढे आली, त्याच्या गालावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून रडली. "त्यांच्यासारखीच टोचते," ती म्हणाली. त्यानंतर त्या घरात परीक्षेचा विषय निघाला नाही.

दहाव्याला सगळे विंडसरजवळ नदीकाठी गेले. जून महिना, बोचरी थंडी. क्षौराची वेळ आली तेव्हा श्रीनिवासकाकांनी मला हातात घेतलं, पण असला रेझर त्यांनी कधी वापरलेला नव्हता आणि थंडीने बोटं आखडली होती. सिओने मागे उभा होता, त्याला हृषिकेशने बोलावलं होतं. "मी करू? दर रविवारी चर्चला जायच्या आधी आजोबांची दाढी मीच करतो," तो म्हणाला. सरिताने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "हात स्थिर असला म्हणजे झालं. ये बाळा, पुढे ये."

त्याचा हात खरोखर स्थिर होता. आधी डोकं, मग दाढी. नदीच्या पाण्यात मला बुचकळत त्याने सावकाश सगळं केलं, एक थेंब रक्त येऊ दिलं नाही. हृषिकेश डोळे मिटून बसला होता. इतक्या वर्षांत मी हजारो वेळा गालावरून फिरलो, पण इतक्या जपून मला कोणी फिरवलं नव्हतं.

हृषिकेशने ते विद्यापीठ सोडलं. वर्ष गेलं ते गेलंच, त्यावर काही इलाज नव्हता. तो दुसऱ्या युनीत भूशास्त्रच शिकू लागला, आणि त्याने चांगली भरघोस दाढी वाढवली. सिओनेने डिग्री पुरी केली. मग एका रविवारी गालाला फेस लावता लावता त्याने आजोबांना खरं सांगून टाकलं. म्हाताऱ्याने दुसरा गाल पुढे केला. मग म्हणाला, "चर्चला नको येऊस. पण दाढीला येत जा."

माझं मात्र काम संपलं. हृषिकेशने मला कालगुर्लीच्या घरी आणून ठेवलं, बेसिनखालच्या खणात, जुन्या किल्ल्या आणि बटणांच्या संगतीला. दीड वर्ष मी अंधारात होतो. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं. पण त्याचा गाल त्याचा होता. तो मला नको म्हणाला, तर त्यात माझा अपमान काय?

परवा खण उघडला. सुट्टीत त्याला प्रतापच्याच खाणीत काम मिळालं होतं. त्याने मला धुतलं, नवं ब्लेड घातलं, गालाला फेस लावला. सरिता चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"एवढी जपलेली दाढी काढतोस?" तिने विचारलं.

"खाली धूळ आहे ना, आई," तो म्हणाला.

दाढी उतरली. आरशात पुन्हा प्रताप दिसला, रोजचा, शिफ्टला निघालेला. सरिताने तोंड फिरवलं आणि डोळे टिपले. हृषिकेशने मला उघडलं, धुतलं, टॉवेलने कोरडं केलं आणि फळीवर ठेवलं, बाप ठेवायचा त्याच जागी.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं हत्यार असेल तर त्याला टाकू नका, आणि काम झालं की पुसून ठेवा. आणखी एक मागणं आहे. मोठेपणी नियम करायचं काम कधी तुमच्या हाती आलं, तर जो मान खाली घालून तो पाळतो आहे त्याला एकदा कारण सांगा. सांगण्यासारखं कारण नसेल, तर निदान त्याला त्याचे दहा दिवस द्या. सोन्याच्या खाणीनेसुद्धा दिले होते.